दोन घरांमधल्या सोडलेल्या जागा

माझ्या मेहुण्याचं म्हणणं असं, की कंप्युटरवर नट-बोल्ट बसवण्यासाठी पगार देणारा मालक एक तर फार मोठ्या मनाचा असला पाहिजे, नाही तर त्याला कुणीतरी बनवत असलं पाहिजे. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर तो हे ऐकवतो आणि दर दिवाळीला मी चकली मोडत गप्प बसतो. यंदा या अंकाच्या संपादकांनी कामाविषयी लिहा म्हणून गळ घातली, तेव्हा म्हटलं, त्याला एकदाचं उत्तर देऊन टाकू. वाचेल न वाचेल, त्याचा प्रश्न.

नळदुर्गच्या बाहेर, हायवेला लागून, बसवराज अण्णांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ट्रॉल्या, पेरणी यंत्रं, पाण्याच्या टाक्या, शेडच्या कैच्या, जे येईल ते. तिथं मी उभी हयात ड्रॉइंगला काढली. आधी बोर्ड आणि पेन्सिल, मग कंप्युटर. आता रोजचं जाणं सोडलंय, पण अडलं की अण्णांचा फोन येतो, "माने, जरा येऊन जा." आणि मी जातो, कारण घरी बसून तरी काय करणार.

कंप्युटरवर आम्ही वस्तूचा एकेक सुटा भाग काढतो आणि मग ते भाग एकमेकांना जोडून अख्खी वस्तू पडद्यावर उभी करतो. तिला असेंब्ली म्हणतात. त्यात एकाच जातीचे भाग ढिगानं लागतात. बोल्ट, फण, गज, बिजागऱ्या. ते एकेक करून बसवायला गेलात तर आठवडा जाईल. म्हणून एक नीट बसवायचा आणि बाकीचे कसे बसायचे याचा नियम सांगायचा. पंगतीत पहिलं पान मांडलं की त्याच अंतरानं पुढची पानं मांडत जातात, तसं. या नियमाला आम्ही पॅटर्न म्हणतो.

आता मेहुण्यानं इथं लक्ष द्यावं. नियम अनेक तऱ्हांचे असतात. सरळ रेषेत अमुक अंतरानं; गोल फिरवून; आरशातल्यासारखं उलटं; किंवा खालच्या पत्र्यात जिथं भोक असेल तिथं. यातला कुठलाही वापरा, पडद्यावरचं चित्र तेच दिसतं. फरक कळतो तो गिऱ्हाइकाचं मन बदलल्यावर. आणि गिऱ्हाइकाचं मन बदलतंच. त्या दिवशी कोण कुणाच्या मागं जाणार, कोण जागेवर राहणार, हे तुम्ही आधीच ठरवून ठेवलेलं असतं. मला पगार त्या ठरवण्याचा मिळत होता.

एका गुळाच्या कारखान्याच्या टाकीचं झाकण आमच्याकडे होतं. माझ्या जोडीच्या माणसानं भोकं गोल फिरवून घेतली आणि बोल्टही वेगळे, स्वतंत्रपणे गोल फिरवून घेतले. दिसायला झकास. मग कारखान्याचा निरोप आला, भोकांची संख्या वाढवा. त्यानं भोकं वाढवली. बोल्ट बिचारे जुन्याच हिशोबानं उभे. ड्रॉइंग खाली शॉपमध्ये गेलं आणि थोड्या वेळानं आमचा फिटर हातात बोल्ट घेऊन वर आला. म्हणाला, "ह्यो पत्र्यातनं आरपार घालायचा हाय का? तसं असंल तर मंत्र बी सांगा." त्यानंतर आमच्याकडे कायदाच झाला. भोक तिथं बोल्ट. भोक हलेल तसा बोल्ट हलला पाहिजे.

आरशाची गंमत वेगळी. हायवेवरच्या एका ढाबेवाल्यानं दोन झडपांचं लोखंडी गेट करायला दिलं, दोन्ही झडपांवर ढाब्याचं नाव. आमच्या एका नव्या इंजिनिअरनं एक झडप काढली आणि दुसरी आरशातून उलटी घेतली. अक्षरंही उलटी झाली. कापून, जोडून, रंगवून होईपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही. अण्णांच्या कपाळावरची भस्माची रेघ आठ्यांत मोडली. ढाबेवाला मात्र शांतपणे बघत राहिला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. ट्रकवाल्याला म्होरं गेल्यावर आरशात सरळ दिसंल, मागं फिरंल." ते गेट अजून तसंच आहे.

तिसरी तऱ्हा मला भूमकडच्या एका शेतकऱ्यानं शिकवली. पेरणी यंत्राचे फण आम्ही सारख्या अंतरानं लावून ठेवले होते. तो म्हणाला, "मधी एक तास रिकामं पायजे. फवारायला माणूस चालणार कुठनं? पिकावरनं?" तास म्हणजे पेरणीची एक ओळ. मी फणांचे दोन वेगळे गट करायला घेतले. मग वाटलं, नको. उद्या हाच माणूस सांगेल की ते तास भरून टाका. म्हणून रांग अख्खी ठेवली आणि मधल्या फणाला सांगितलं, तू दिसू नकोस. पॅटर्नमध्ये ही सोय असते. जागा सोडता येते. सोडलेली जागा पुसली जात नाही, नुसती झाकली जाते. तिचा मान, तिचं अंतर रांगेत राहतं. परत हवी झाली तर बाकी कुणालाही धक्का न लावता ती उघडता येते. आमच्याकडच्या पोरांना ही पद्धत गबाळी वाटते. वाटो. ही सवय मला लागली आणि तिच्यामुळंच पुढचं सगळं झालं, म्हणून एवढं पाल्हाळ लावलं.

सास्तूरच्या बाजूला एक गाव आहे. त्याचं नाव लिहीत नाही, त्या भागात तशी बरीच आहेत. गणपती बुडवले त्या रात्रीनंतरच्या पहाटे भूकंपानं ते गाव गेलं. मी तेव्हा आयटीआयला होतो. नळदुर्गहून ट्रकनं पोरं मदतीला गेली त्यात मीही होतो. तिथं काय पाहिलं ते मी बायकोलाही कधी सांगितलं नाही, इथंही सांगणार नाही. पुढं गाव दुसऱ्या जागी नव्यानं बसलं. सरळ रस्ते, सारखी घरं. जुन्या जागेवर बाभळी वाढल्या.

त्याला तीस वर्षं होत आली तेव्हा गावानं ठरवलं, जुन्या जागेवर गेलेल्या माणसांची नावं लावायची. गावाच्या वतीनं गुरुजी आमच्याकडे आले. निवृत्त शिक्षक, पांढरी टोपी, बोलणं मोजकं. त्यांचे वडील आणि त्यांची बायको त्या पहाटे गेलेली. त्यांना दगड नको होता. "दगडाखालीच गेली सगळी," ते म्हणाले. "हलकं काही तरी करा." ते ऐकून अण्णा उठून बाहेर गेले आणि परत आले ते चहा सांगूनच. मजुरीचं बोलणं त्यांनी काढू दिलं नाही.

मी स्टीलची चौकट योजली. उभे पत्रे, त्यावर ओळीनं लहान पाट्या, एका माणसाला एक पाटी. पत्र्यात भोकं आणि भोक तिथं पाटी, आमच्या कायद्याप्रमाणं. गुरुजींची एकच अट होती. घर मोडायचं नाही. एका घरची माणसं शेजारी शेजारी राहिली पाहिजेत, आणि घरं जुन्या गावात ज्या क्रमानं होती त्याच क्रमानं. दोन घरं वेगळी कळावीत म्हणून मी प्रत्येक घरानंतर दोन जागा मोकळ्या सोडल्या. रांग अख्खी, त्यात सोडलेल्या जागा.

पाटीचा ढाचा एकच होता, वरचं नाव तेवढं वेगळं. ते मात्र कुठल्याही पॅटर्ननं होत नाही, एकेक पाटी उघडून हातानं लिहावं लागतं. ते काम मी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. वीस-पंचवीस नावं झाली की उठून हायवेपर्यंत चालत जायचो, ट्रक बघत उभा राहायचो आणि परत येऊन बसायचो.

मधेच एक मोठं घर आलं. त्यांना आपल्या माणसाची पाटी मोठी हवी होती. मी चेहरा पाडून सांगितलं, "होत नाही हो. सगळ्या पाट्या एकीवरून निघतात. एक मोठी केली की सगळ्या मोठ्या होणार. कंप्युटर ऐकत नाही." हे धादांत खोटं होतं. कंप्युटर सगळं ऐकतो. पण कंप्युटरच्या नावावर इतकी पापं खपतात, तर एवढं पुण्य खपायला काय हरकत होती?

पत्रे कापायला सोलापूरला जायचे होते. फाइल पाठवायच्या दिवशी सकाळी एक म्हातारी वडापच्या जीपमधून उतरून वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. कोंडाबाई. त्याच गावची. गुरुजींची जुनी शेजारीण, म्हणाली. आपल्या माणसांच्या पाट्या बघायच्या होत्या. तिला वाचता येत नव्हतं. मी खुर्ची सरकवली, तिच्या घरची ओळ पडद्यावर मोठी केली आणि बोट ठेवून दाखवलं.

"मावशी, हे लिंबाजीराव."

"मालक," ती म्हणाली आणि पदर डोक्यावर पुढं ओढला. "आन् ह्यो?"

"हा दत्ता."

"ल्हान व्हता लई. साळंत जायाचा." तिचं बोट दत्ताच्या पुढच्या मोकळ्या जागेवर आलं. मग म्हणाली, "आन् माजी सुनंदा कुठं हाय?"

सुनंदा नव्हती. मला वाटलं, माझ्याकडून नाव राहिलं. गुरुजींना फोन लावला. त्यांनी सांगितलं की राहिलेलं नाही, घेतलेलंच नाही. सुनंदा तिची मोठी लेक. भूमकडं दिलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली होती आणि बारसं दोन-तीन दिवसांवर आलं होतं. दोघीही त्या घरात गेल्या. पण गावानं ठरवताना गावची माणसं तेवढीच धरली होती. दिलेली लेक सासरची. सासरच्या गावाला भूकंप झालाच नव्हता, तिथं कोण पाटी लावणार? ती गेली इथं आणि होती तिथली. त्यामुळं कुठंच नव्हती.

"आज सुनंदा घेतली तर उद्या प्रत्येक घर येईल," गुरुजी फोनवर म्हणाले. "सणाला लेकी आलेल्या होत्या, माने साहेब. गौरीला आलेल्या. पाहुणे होते. मी कुणाकुणाला नाही म्हणू आणि कुणाला हो म्हणू? सभेत ठरलंय ते ठरलं."

मी फोन ठेवला. कोंडाबाईला सगळं ऐकू गेलं होतं. ती रडली नाही. म्हणाली, "म्या त्या टायमाला चुलीपाशी व्हते. दुपारच्याला मला काढली. मालकाला, दत्ताला मागनं काढलं. सुनंदाला काढली तवा लेकरू तिच्या कुशीत तसंच व्हतं. तिला एकलीला न्हाय जाळली, बाबा. गावातच, बापासंगं. आन् आता म्हंत्यात सासरची?"

अण्णा दारात येऊन उभे होते. एरवी फाइल गेली का, फाइल गेली का म्हणून डोकं खाणारा माणूस आत येऊन माझ्या खुर्चीमागं उभा राहिला. मला म्हणाले, "घालून बघ की."

मी घालून बघितलं. दत्ताच्या पुढं एक पाटी वाढवली. तसं पुढचं सगळं एकेक जागा सरकलं. गुरुजींच्या घरातली शेवटची पाटी खालच्या ओळीत पडली, भलत्याच लोकांत. कोंडाबाई पडद्याकडे बघत होती. अक्षर कळत नसलं तरी हललेलं कळतं.

"आरं आरं, ही समदी कुठं निगाली?"

"सरकली, मावशी. मधे एक घातली की पुढची सरकतात."

ती खुर्चीतून उठली. "मग नगं. न्हाय घालायची. लोकाची माणसं हलवून माजी न्हाय बसवायची." आणि ती खरोखरच पायातली वहाण चाचपायला लागली.

"शेवटाला लावू का?" अण्णांनी विचारलं. "सगळ्यांची झाली की खाली एक ओळ करू."

"शेवटाला परक्यावाणी नगं," ती म्हणाली. "त्यापरीस नसल्याली बरी."

तिला जाऊ दिलं असतं तर फाइल त्या दिवशी गेली असती आणि सुनंदाचा विषय कायमचा संपला असता. मी तिला हाताला धरून परत बसवली. सरकलेलं सगळं मागं घेतलं. मग दत्ताच्या पाटीनंतरच्या त्या दोन मोकळ्या जागांकडे बघत राहिलो. तिच्या आणि गुरुजींच्या घरामधल्या जागा. त्या मी पुसल्या नव्हत्या, झाकल्या होत्या. मी त्या उघडल्या. दोन कोऱ्या पाट्या जागेवर येऊन बसल्या आणि दुसरं कुणीही हललं नाही. आई आणि मूल, दोघींना पुरेल एवढीच जागा होती.

पण आता तिचं घर आणि गुरुजींचं घर यांच्यामधे काहीच अंतर उरलं नव्हतं. लेकराची पाटी गुरुजींच्या वडिलांच्या पाटीला लागून आली होती. गुरुजींना विचारल्याशिवाय हे करायचं नव्हतं. मी फोन न करता त्यांना बोलावून घेतलं, म्हणजे अण्णांनी गाडी पाठवली. फोनवर माणूस नियम बोलतो.

गुरुजी आले, कोंडाबाईला "बाई, जेवलात का?" म्हणून विचारलं आणि पडद्यासमोर बसले. मी काही समजावलं नाही. त्यांनी वडिलांचं नाव शोधलं, त्याच्या डाव्या हाताच्या दोन कोऱ्या पाट्या बघितल्या, मग दत्ता, मग लिंबाजीराव.

"मधलं अंतर कुठं गेलं?" त्यांनी विचारलं.

"तेच वापरलंय, गुरुजी. दोन्ही घरं चिकटतात. तुमची हरकत असेल तर—"

टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

"चिकटूनच होती," ते म्हणाले. "भिंत एकच होती आमची. पलीकडं हिच्या उखळाचा आवाज झाला की माझी बायको उठायची." मग म्हणाले, "पडली ती भिंत दोन्हीकडं पडली, माने साहेब. दगड तेव्हा गावची कोण आणि सासरची कोण बघत नव्हते. मी कसला नियम करून बसलो?"

आणि सभेत ज्याच्यापुढं भल्याभल्यांचा आवाज चढत नाही असा तो माणूस आमच्या केबिनमधे लहान पोरासारखा रडला. कोंडाबाईनं पुढं होऊन त्यांच्या मांडीवरची टोपी उचलली, झटकली आणि परत त्यांच्या हातात दिली. अण्णांनी सोलापूरला फोन करून सांगितलं की फाइल आज येणार नाही, कधी येईल ते कळवतो.

पुढचे काही दिवस गुरुजी घरोघर फिरले. माहेरी आलेल्या लेकी, आलेले पाहुणे, सालावर राहिलेले गडी. येतील तशा मी घरांमधल्या झाकलेल्या जागा उघडत गेलो. पुष्कळ घरं एकमेकांना चिकटली. कुणी तक्रार केली नाही. जुन्या गावात तरी कुठं मोकळी जागा होती?

अडलं ते एकाच पाटीवर. बाळाच्या.

अण्णांचं म्हणणं, सुनंदाच्या पाटीवरच खाली बारीक अक्षरात घालू. मी म्हटलं, नाही. पाटी सगळ्यांची सारखी. मोठ्या घराला मी जे खोटं सांगितलं होतं ते इथं मला खरं करून दाखवायचं होतं. गुरुजी म्हणाले, ठीक, पण लिहायचं काय? 'सुनंदाचे बाळ' लिहिता येईल. आम्ही कोंडाबाईला विचारायला गावी गेलो. ती ओट्यावर बसली होती.

"बाळ का म्हनून?" ती म्हणाली. "दोन दिस ऱ्हायले व्हते नावाला. तिला नाव पायजे."

"मग सांगा की, मावशी. तुम्ही ठेवाल ते."

ती माझ्याकडे असं बघू लागली, की मी काही तरी भलतंच बोललो. "म्या कशी ठेवू? म्या आईची आई. नाव आत्यानं ठेवायचं असतंय."

आमच्या भागात असंच आहे. पाळण्यातल्या लेकराच्या कानात पहिलं नाव आत्या सांगते. तो तिचा मान, त्यात कुणी हात घालत नाही. तीस वर्षांपूर्वीच्या लेकराच्या बाबतीतही कोंडाबाई तो घालायला तयार नव्हती. जावयानं पुढं दुसरं घर मांडलं, त्यात त्याची काही चूक नव्हती, पण या घराशी जाणं-येणं तुटलं. आत्याचं नाव विमल, तिला भूममधेच दिलेली, एवढंच कोंडाबाईला ठाऊक होतं.

गुरुजी आणि मी एसटीनं भूमला गेलो. आठवडी बाजाराचा दिवस होता. विचारत विचारत पोचलो तर विमलबाई बाजारात डाळी घेऊन बसलेल्या. पिकलेले केस, कपाळावर मोठं कुंकू. गुरुजींनी आपल्या गावाचं नाव सांगितलं तसं हातातलं मापटं त्यांनी पोत्यात तसंच सोडलं.

"कोंडाबाई हायती अजून?" त्यांनी विचारलं.

गुरुजींनी सगळं सांगितलं. पाट्या, सुनंदा, कोरी पाटी. गिऱ्हाइकं येऊन उभी राहत होती, बघून निघून जात होती. विमलबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"नाव ठरलं व्हतं की माजं," त्या म्हणाल्या. "मला सांगावा आल्ता, बारशाला ये म्हून. कुंची शिवून ठिवली व्हती. घरात पुन्ना लई लेकरं झाली, समद्यांची नावं म्याच ठिवली, पर ते नाव कुनाला दिलं न्हाय. ते तिचं व्हतं."

"मग सांगा बाई," गुरुजी म्हणाले. "आम्ही कोरून घेतो."

"हितं?" त्या दचकल्या. "बाजारात? लेकराच्या कानात घालायच्या आदी?"

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. आमच्या धंद्यात नाव आधी आणि वस्तू मागून. भागाला नाव दिल्याशिवाय कंप्युटर तो जतनही करत नाही. मी परत आलो आणि त्या पाटीपुरतं उलटं केलं. सगळ्या पाट्या कोरून झाल्या, ती कोरीच चौकटीवर चढवली. अण्णांनी नळदुर्गातल्या भांड्याच्या दुकानातून एक माणूस ठरवला. वाटी-तांब्यावर नाव घालून देतात, ते हातातलं यंत्र घेऊन तो येणार होता.

तो दिवस उजाडला. बाभळी तोडून जागा साफ केली होती. सगळं गाव लोटलं होतं. भाषणं नव्हती, गुरुजींनी ठेवू दिली नाहीत. प्रत्येकजण आपापल्या घरापुढं जाऊन उभा राहिला. कितीतरी माणसं पाटीवरून नुसता हात फिरवत होती. मी लांब उभा होतो. आयुष्यात हजारो भाग बसवले, पण त्यातला एकही कुणी असा हातानं चाचपलेला मी पाहिला नव्हता.

विमलबाई आल्या. कोंडाबाईच्या त्या पाया पडल्या. भांडेवाला यंत्र हातात घेऊन तयार उभा होता. जवळच्या विहिरीवरून त्याच्यासाठी वायर ओढली होती. विमलबाई पत्र्याजवळ गेल्या, वाकल्या आणि त्या कोऱ्या पाटीला तोंड लावून त्यांनी हळूच म्हटलं, "कुर्रर्र..." आणि पुढचं कुणालाही ऐकू आलं नाही.

बारशाला आत्यानं कानात नाव सांगितलं की भोवतालच्या बायका हसत तिच्या पाठीत धपाटे घालतात. ही रीत मी घराघरांतून पाहिलेली. इथं हात उचलायचं धाडस कुणाला होणार? बायका खाली मान घालून उभ्या राहिल्या. तेवढ्यात कोंडाबाई पुढं झाली आणि तिनं विमलबाईंच्या पाठीत एक धपाटा घातला. हळूच, पण घातला. मग दुसऱ्या एका म्हातारीनं घातला. मग तिसरीनं. गुरुजींनी तोंड फिरवलं.

विमलबाई सरळ झाल्या. डोळे पुसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "रेणुका."

भांडेवाल्यानं यंत्र सुरू केलं. कोंडाबाईनं त्याला हातानं थांबवलं. ती त्या पाटीपाशी वाकली. तीस वर्षं ज्या नातीला हाक मारायला तिच्याजवळ नाव नव्हतं, तिला म्हणाली, "रेणू, ए रेणू. म्या आजी हाय तुजी."